आपत्तीत जखमी झालेल्या स्वयंसेवकांचे वैद्यकीय संरक्षण : न्यूयॉर्क २००१ च्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भूकंप, महापूर, इमारती कोसळणे किंवा घातपात अशा प्रसंगी शासकीय यंत्रणा पोहोचण्यापूर्वी जो मनुष्य ढिगाऱ्यापाशी धावतो, तो बहुधा आसपासचा सामान्य नागरिक असतो. त्याला कोणी नेमलेले नसते, त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते आणि त्याच्या श्रमाला वेतन नसते. समाज अशा व्यक्तीचा गौरव करतो. परंतु हीच व्यक्ती मदत करताना जखमी झाली किंवा काही वर्षांनी त्या कामामुळे आजारी पडली, तर तिच्या उपचाराचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. आपत्तींचा इतिहास मृतांची संख्या, पुनर्वसन आणि प्रशासनाचे यशापयश यांभोवती लिहिला जातो. मदत करणाऱ्याच्या शरीराचे पुढे काय झाले, हा त्यातील उपेक्षित भाग होय.

प्रस्तुत निबंधात ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या हल्ल्यानंतरच्या बचावकार्यातील स्वयंसेवकांच्या वैद्यकीय संरक्षणाचा सुमारे दोन दशकांचा इतिहास तपासला आहे. या विषयाची इतकी सविस्तर कायदेशीर, वैद्यकीय व आर्थिक नोंद अन्य आपत्तींच्या बाबतीत क्वचितच आढळते. स्वयंसेवकाची कायद्यातील जागा कशी ठरत गेली, ‘जखम’ या शब्दाचा अर्थ कसा बदलला आणि पुराव्याचे ओझे कोणावर पडले, हे पाहणे हा या अभ्यासाचा हेतू आहे. शेवटी भारतातील तरतुदींचा थोडक्यात विचार केला आहे.

युद्धकालीन वारसा

औद्योगिक युगातील नुकसानभरपाईचे कायदे मालक आणि नोकर या नात्यावर उभे आहेत. काम करताना इजा झाली तर मालकाने उपचार व भरपाई द्यावी, हे त्यांचे मूलतत्त्व. भारतात १९२३ मध्ये झालेला कामगार नुकसानभरपाई कायदाही याच तत्त्वावर आधारलेला होता. या चौकटीत स्वयंसेवक बसत नाही, कारण त्याला मालकच नसतो.

ही उणीव सर्वप्रथम ठळकपणे जाणवली ती दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी. हवाई हल्ल्यांत शहरांचे रक्षण करण्यासाठी ब्रिटनला मोठ्या संख्येने नागरी स्वयंसेवक हवे होते. ज्या दिवशी ब्रिटनने युद्ध घोषित केले, त्याच ३ सप्टेंबर १९३९ रोजी वैयक्तिक इजांविषयीचा आणीबाणीचा कायदा संमत झाला. या कायद्याने युद्धजन्य इजांबाबत मालकाविरुद्धचे दावे बाजूला ठेवून सरकारी योजनेतून लाभ देण्याची व्यवस्था केली आणि नागरी संरक्षण स्वयंसेवकाला कर्तव्य बजावताना होणाऱ्या इजेचा स्वतंत्र उल्लेख केला. प्रारंभी स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी दराने भरपाई मिळत असे. स्त्री खासदारांनी आणि संघटनांनी दीर्घ लढा दिल्यानंतर १९४३ मध्ये हा भेद दूर झाला.

या कायद्यात एक गृहीतक होते. ज्याला राज्यसंस्थेने नोंदवून घेतले, प्रशिक्षण दिले आणि काम नेमून दिले, त्याचीच जबाबदारी राज्यसंस्था घेणार होती. थोडक्यात, मालकाच्या जागी राज्यसंस्था आली. नात्याचा साचा मात्र तोच राहिला. न्यूयॉर्क राज्यात १९५० च्या दशकात स्वयंसेवी अग्निशामकांसाठी जो स्वतंत्र लाभ कायदा झाला, त्याचाही पाया अग्निशामक दलातील सभासदत्व हाच होता. नोंद नसलेल्या, स्वयंस्फूर्तीने आलेल्या मदतनीसाचा विचार या परंपरेत झालेला नव्हता.

११ सप्टेंबर आणि नोंद नसलेला मदतनीस

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा आणि १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोरा कोसळला. न्यूयॉर्कमध्ये २,७५३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत शहराच्या अग्निशामक दलाचे ३४३ जवान होते. त्या दिवशी दक्षिण मॅनहॅटनमधून लाखो लोकांना फेरीबोटी, टगबोटी आणि खासगी नौकांनी पाण्यावाटे बाहेर काढले. ढिगाऱ्यावर हातोहात बादल्या सरकवणाऱ्या रांगा लागल्या. त्यांत पोलीस आणि अग्निशामकांबरोबर लोखंडी बांधकामातील कारागीर, परिचारिका, वैद्य, धर्मोपदेशक आणि कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेले नागरिक होते. जवळच्या सेंट पॉल चॅपलमध्ये स्वयंसेवकांनी कित्येक महिने कामगारांसाठी जेवण आणि विश्रांतीची सोय चालवली. ढिगाऱ्याखालील आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती आणि सफाईचे काम ३० मे २००२ रोजी औपचारिकरीत्या संपले.

या काळात मदतनीसांनी जी हवा श्वासावाटे घेतली, तिच्यात चुरा झालेले सिमेंट, काचतंतू, अ‍ॅस्बेस्टॉस, शिसे आणि ज्वलनातून निर्माण झालेली विषारी द्रव्ये होती. सिमेंटमुळे ही धूळ तीव्र अल्कधर्मी होती, त्यामुळे घसा व श्वासनलिकेचा दाह होत असे. योग्य श्वसनमुखवटे सर्वांना मिळाले नाहीत, आणि ज्यांना मिळाले त्यांनी ते सर्वकाळ वापरले नाहीत. १८ सप्टेंबर २००१ रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वसनास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने असे सरसकट विधान करण्याजोगी पुरेशी माहिती त्या वेळी उपलब्ध नव्हती, असा निर्वाळा दिला. ज्या काळात स्वयंसेवकाने सावध व्हावयास हवे होते, त्याच काळात त्याला अधिकृत आश्वासन मिळाले होते. पुढील दाव्यांच्या नैतिक बाजूचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

शहाण्णव तासांची मर्यादा

अमेरिकेच्या काँग्रेसने २२ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांत, पीडित नुकसानभरपाई निधी स्थापन करणारा कायदा अमलात आणला. विमान कंपन्यांना दाव्यांपासून वाचवणे हाही त्याचा एक उद्देश होता. विशेष अधिकारी केनेथ फाइनबर्ग यांच्या देखरेखीखाली डिसेंबर २००३ पर्यंत दावे स्वीकारण्यात आले आणि सुमारे ७०० कोटी डॉलर वाटण्यात आले. २,८८० मृत्यूचे आणि २,६८० इजांचे दावे मंजूर झाले.

या निधीच्या नियमांत हल्ल्याच्या ‘लगतचा काळ’ सर्वसाधारण व्यक्तीसाठी १२ तास आणि बचावकार्य करणाऱ्यांसाठी ९६ तास असा ठरवला होता. शिवाय इजेवर ठरावीक अल्पकाळात वैद्यकीय उपचार घेतल्याचा पुरावा आवश्यक होता. ही व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोडलेला हात, भाजलेली त्वचा, डोक्याला लागलेला मार अशी तत्काळ दिसणारी जखम होती. जॉन फील या पाडकामावरील पर्यवेक्षकाच्या पायावर १७ सप्टेंबर रोजी सुमारे साडेतीन टनांची लोखंडी तुळई पडली आणि त्याला अर्धे पाऊल गमवावे लागले. इजा उघड होती, स्थळ तेच होते. परंतु ९६ तास उलटून गेले असल्यामुळे त्याचा दावा अमान्य झाला. पुढे याच फील यांनी आजारी मदतनीसांसाठी संस्था उभारून कायदा बदलण्याच्या चळवळीत अग्रभागी काम केले.

तासांच्या या मर्यादेतील विसंगती अधिक बोचते, कारण धुळीमुळे होणारे रोग उशिरा प्रकट होतात हे ज्ञान नवे नव्हते आणि ते न्यूयॉर्कमध्येच निर्माण झाले होते. माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये उष्णतारोधक काम करणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध करून अ‍ॅस्बेस्टॉसमुळे अनेक वर्षांनी होणाऱ्या कर्करोगांकडे जगाचे लक्ष वेधले होते. वैद्यकशास्त्र दशकांची भाषा बोलत असताना कायदा तासांची भाषा बोलत होता.

स्वयंसेवकांसाठी पहिली स्वतंत्र तरतूद

स्वयंसेवक म्हणून स्वतंत्र विचार झाला तो २००२ च्या प्रारंभी. काँग्रेसने न्यूयॉर्क राज्याच्या कामगार नुकसानभरपाई मंडळाला दिलेल्या १७.५ कोटी डॉलरपैकी २.५ कोटी डॉलर मंडळाने स्वयंसेवकांच्या दाव्यांसाठी वापरले. वेतन नसलेल्या व्यक्तीला कामगार नुकसानभरपाई मंडळाच्या दारातून वैद्यकीय खर्च मिळणे, हे तत्त्वतः महत्त्वाचे पाऊल होते.

व्यवहारात मात्र जुनाच साचा आडवा आला. अधिकृत बचावसंस्थेच्या किंवा स्वयंसेवी संस्थेच्या देखरेखीखाली काम केल्याचे दाखवणे दावेदारास आवश्यक होते. रेडक्रॉस किंवा साल्व्हेशन आर्मी यांच्यामार्फत आलेल्यांना हे तुलनेने सोपे होते. पहिल्या दिवशी थेट ढिगाऱ्यावर चढलेल्या नागरिकाकडे असा कागद कोठून असणार? ज्या तासांत मदतीची सर्वाधिक निकड होती, त्याच तासांची नोंद सर्वांत कमी होती. म्हणजेच सर्वांत आधी पोहोचलेला मनुष्य पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा ठरला.

दुसरी अडचण मुदतीची होती. राज्याच्या कायद्यानुसार सामान्यतः दोन वर्षांत दावा दाखल करावा लागे. दम्याची किंवा फुप्फुसविकाराची खात्री पटेपर्यंत पुष्कळांची मुदत उलटली होती. यास्तव २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आपल्या कायद्यात नवे प्रकरण समाविष्ट केले. ११ सप्टेंबर २००१ ते १२ सप्टेंबर २००२ या काळात बचाव, शोध किंवा सफाईचे काम केलेल्या कामगारांना व स्वयंसेवकांना शपथपूर्वक निवेदनाद्वारे आपली नोंदणी करून ठेवण्याची मुभा मिळाली. आजार नंतर उद्भवला तरी दाव्याचा हक्क शाबूत राहिला. या नोंदणीची अंतिम मुदत पुढे वारंवार वाढवावी लागली. केवळ मनोऱ्यांची जागा नव्हे, तर मलबा नेला जात असे ते स्टेटन आयलंडवरील फ्रेश किल्स क्षेत्र, मलबा वाहणारे तराफे आणि शवागारे यांचाही त्यात समावेश होता. आजारी पडण्यापूर्वीच हक्क नोंदवून ठेवण्याची ही कल्पना या इतिहासातील एक महत्त्वाची नवलाई मानावी लागेल.

तपासणी आहे, उपचार नाहीत

दाव्यांच्या बरोबरीने वैद्यकीय तपासणीचा प्रवाह सुरू झाला होता. अग्निशामक दलाने ऑक्टोबर २००१ पासूनच आपल्या जवानांची तपासणी हाती घेतली. या जवानांच्या हल्ल्यापूर्वीच्या आरोग्यनोंदी उपलब्ध असल्याने फुप्फुसांच्या क्षमतेत झालेली घट आकड्यांत दाखवता आली. सप्टेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३२ अग्निशामकांच्या अभ्यासाने ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर खोकला’ ही संज्ञा रूढ केली. स्वयंसेवकांच्या बाबतीत अशी पूर्वनोंद नव्हती. त्यांचा आजार पूर्वीचा की नंतरचा, या शंकेला उत्तर देणे त्यामुळे अधिक कठीण झाले.

जुलै २००२ मध्ये माउंट सायनायच्या पुढाकाराने कामगार व स्वयंसेवकांसाठी तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्याला प्रारंभी सुमारे १.२ कोटी डॉलर संघराज्यीय अनुदान मिळाले. २००३ मध्ये दीर्घकालीन देखरेखीसाठी आणखी ९ कोटी डॉलर मंजूर झाले. परंतु हा पैसा तपासणीसाठी होता, उपचारांसाठी नव्हे. निदान झालेल्या रुग्णाला औषध कोठून द्यावयाचे, हा प्रश्न काही वर्षे प्रामुख्याने रेडक्रॉससारख्या संस्थांच्या देणग्यांवर सुटत होता. ज्यांनी दातृत्वाने मदत केली, त्यांचे उपचारही दातृत्वावरच अवलंबून राहिले. अमेरिकेत आरोग्यविमा बहुतांशी नोकरीशी जोडलेला असल्यामुळे आजाराने नोकरी गेली की विमाही जात असे. मायकेल मूर यांच्या २००७ मधील ‘सिको’ या माहितीपटात अशा काही मदतनीसांना उपचारांसाठी क्युबात नेल्याचे दाखवले आहे.

डिसेंबर २००५ मध्ये काँग्रेसने ७.५ कोटी डॉलर मंजूर केले आणि त्यांत प्रथमच उपचारांचा अंतर्भाव झाला. सप्टेंबर २००६ मध्ये माउंट सायनायने ९,४४२ जणांच्या तपासणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के मदतनीसांना ढिगाऱ्यावरील कामाच्या काळात श्वसनाची नवी किंवा बळावलेली लक्षणे जाणवली होती. या आकड्याने वादाचे स्वरूप बदलले. प्रश्न काही दुर्दैवी व्यक्तींचा नसून एका संपूर्ण समूहाचा आहे, हे स्पष्ट झाले.

कारणाचा वाद आणि कायद्याची निर्मिती

न्यूयॉर्क पोलीस दलातील जेम्स झाड्रोगा यांचे जानेवारी २००६ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी निधन झाले. न्यू जर्सीतील शवविच्छेदनात मृत्यूचा संबंध ढिगाऱ्याच्या धुळीशी जोडण्यात आला; २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी मात्र हा संबंध नाकारला. एकाच फुप्फुसाविषयी दोन तज्ज्ञांचे असे परस्परविरोधी मत पडू शकते, तर प्रत्येक आजारी व्यक्तीने स्वतंत्रपणे कारण सिद्ध करावे ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, असा प्रश्न यातून उभा राहिला. दुसरीकडे शहर व कंत्राटदार यांच्याविरुद्ध सुमारे १० हजार दावेदारांनी न्यायालयात धाव घेतली होती. न्यायाधीश ॲल्व्हिन हेलरस्टाइन यांच्यासमोरील हे प्रकरण २०१० मध्ये ६२ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडीने मिटले.

झाड्रोगा यांच्या नावाचा आरोग्य व नुकसानभरपाई कायदा डिसेंबर २०१० मध्ये संमत झाला आणि २ जानेवारी २०११ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. आरोग्य कार्यक्रमासाठी सुमारे १५० कोटी आणि पुन्हा उघडलेल्या भरपाई निधीसाठी सुमारे २७७ कोटी डॉलरची तरतूद झाली. १ जुलै २०११ पासून सुरू झालेल्या आरोग्य कार्यक्रमात कामगार आणि स्वयंसेवक यांच्यात भेद नव्हता. पात्रता कामाच्या तासांवर ठरली : दक्षिण मॅनहॅटनमधील निर्दिष्ट क्षेत्रात पहिल्या चार दिवसांत किमान ४ तास, सप्टेंबरअखेरपर्यंत २४ तास किंवा जुलै २००२ अखेरपर्यंत ८० तास. ‘कोणी नेमले’ या प्रश्नाची जागा ‘कोठे आणि किती काळ काम केले’ या प्रश्नाने घेतली. तसेच आजारांची यादी निश्चित करून कारणसिद्धीचे ओझे काही अंशी हलके करण्यात आले. २०१२ मध्ये अनेक प्रकारचे कर्करोग या यादीत आले.

तरीही स्थैर्य लगेच आले नाही. २०१५ मध्ये आरोग्य कार्यक्रमाला २०९० पर्यंत मुदत मिळाली. परंतु भरपाई निधी पाच वर्षांपुरताच वाढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये विशेष अधिकारी रूपा भट्टाचार्य यांनी निधी अपुरा पडत असल्याने प्रलंबित दाव्यांत ५० टक्के आणि नव्या दाव्यांत ७० टक्के कपात जाहीर केली. जून २०१९ मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी लुइस अल्व्हारेझ यांनी कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली आणि त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. २९ जुलै २०१९ रोजी या निधीला २०९२ पर्यंत मुदत देणारा कायदा अमलात आला. ९६ तासांपासून सुरू झालेला प्रवास अशा रीतीने सुमारे नव्वद वर्षांच्या दायित्वापर्यंत पोहोचला.

भारतीय संदर्भ

भारतातील तरतुदींवर ब्रिटिश युद्धकालीन कायद्याची छाप आहे. मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने गृहरक्षक दल स्थापन झाले आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताने त्यासाठी कायदा केला. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये झालेल्या वैयक्तिक इजा कायद्यात नागरी संरक्षण स्वयंसेवकाला कर्तव्य करताना होणाऱ्या इजेची व्याख्या आढळते. तथापि तो आणीबाणीच्या काळाशी निगडित होता. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यात आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश झाला तो २००९ च्या दुरुस्तीने.

याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात किंवा जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात धावून गेलेले असंख्य नागरिक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी युद्धकालीन व्याख्यांच्या बाहेरचे होते. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २५ राज्यांतील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली. २०२१ मध्ये ती ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्याचे ठरले आणि त्यांच्यासाठी विम्याचीही तरतूद झाली. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु हे संरक्षणही प्रशिक्षित व नोंदणीकृत स्वयंसेवकापुरते आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचे कायदेशीर कारवाईपासून रक्षण करणारे कलम आले. अमेरिकेतील १९९७ च्या स्वयंसेवक संरक्षण कायद्याचे स्वरूपही असेच होते. दोन्हींत मदतनीसाला दायित्वापासून अभय आहे. त्याच्या स्वतःच्या इजेवरील उपचाराची हमी त्यांत नाही. महाविद्यालये विद्यार्थ्यांना आपत्तिग्रस्त भागात पाठवतात तेव्हा हा भेद शिक्षकांनी ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष

१) स्वयंसेवकाच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रारंभ युद्धकाळात झाला आणि तो नोंदणीच्या तत्त्वावर आधारलेला होता. न्यूयॉर्कमध्ये या तत्त्वाची मर्यादा उघड झाली.

२) जखमेची कायदेशीर व्याख्या तत्काळ दिसणाऱ्या इजेपुरती ठेवल्यास धुळीने आणि विषारी द्रव्यांनी होणारे रोग आपोआप वगळले जातात. ही व्याख्या बदलण्यास सुमारे दहा वर्षे लागली, आणि त्या काळात अनेकांचा आजार बळावला.

३) तपासणी व उपचार यांची तरतूद एकाच वेळी न केल्यास रुग्णाच्या हाती केवळ निदान राहते.

४) पुराव्याचा प्रश्न आपत्तीच्या पहिल्या दिवशीच निर्माण होतो. घटनास्थळी आलेल्या प्रत्येकाचे नाव, वेळ आणि कामाची जागा यांची साधी नोंद ठेवली, तर पुढे प्रतिज्ञापत्रांवर विसंबून राहण्याची वेळ येत नाही. विद्यार्थ्यांची पथके पाठवणाऱ्या महाविद्यालयांना अशी नोंदवही ठेवणे आणि जाण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्यतपासणी करून घेणे सहज शक्य आहे.

५) न्यूयॉर्कमधील बदल शासनाच्या दूरदृष्टीने कमी आणि आजारी मदतनीसांच्या सततच्या पाठपुराव्याने अधिक घडले. संघटित पोलीस व अग्निशामक यांच्या प्रयत्नांचा लाभ असंघटित स्वयंसेवकांनाही मिळाला. जेथे असे संघटन नाही, तेथे ही जबाबदारी कायद्याने आपत्तीपूर्वीच निश्चित करणे आवश्यक ठरते.